राखीव प्रत, संगणकीय माहितीची

व्यक्तिगत संगणकातील माहिती नष्ट झाली, दूषित झाली किंवा हाती लागेनाशी झाली, तर ती परत मिळविता यावी या हेतूने मूळ साठवणीहून वेगळ्या ठिकाणी जी प्रत करून ठेवतात तिला राखीव प्रत म्हणतात. व्यवहारात तिला बॅकअप हे नाव रूढ आहे. पत्रे, हिशेब, छायाचित्रे, हस्तलिखिते, ध्वनिमुद्रणे इ. प्रकारची माहिती आता बहुधा केवळ अंकीय रूपातच अस्तित्वात असते. तिची कागदावरील मूळ प्रत नसते. त्यामुळे साठवणीचे एक साधन निकामी होणे म्हणजे ती माहितीच नाहीशी होणे, असा प्रसंग सामान्य कुटुंबावरही येऊ शकतो.

माहितीची दुसरी नक्कल असली म्हणजे राखीव प्रत झाली असे नाही. त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात. एक, ज्या कारणाने मूळ माहिती नष्ट होईल त्याच कारणाने प्रत नष्ट होऊ नये, म्हणजे प्रत मूळ माहितीपासून स्वतंत्र असावी. दोन, बिघाड होण्यापूर्वीची माहितीची अवस्था प्रतीत टिकून असावी. तीन, प्रतीवरून माहिती प्रत्यक्षात परत मिळविता यावी. एकाच तबकडीवर दोन नावांनी ठेवलेली फाइल पहिल्या कसोटीस उतरत नाही. अनेक तबकड्यांवर एकाच वेळी माहिती लिहिण्याची रेड ही पद्धतीही राखीव प्रत ठरत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील (बर्कली) डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रॅंडी कात्झ यांनी १९८८ मध्ये एका निबंधात या पद्धतीचे विवेचन केले. तीत एक तबकडी बंद पडली तरी काम चालू राहते. परंतु चुकून पुसलेली फाइल सर्व तबकड्यांवरून त्याच क्षणी पुसली जाते. राखीव प्रत आणि दप्तरखान्यातील साठा यांतही भेद केला जातो. वापरातून गेलेली माहिती दीर्घकाळ जतन करण्यासाठी बाजूला काढली, तर तो दप्तरसाठा होय. राखीव प्रत ही चालू वापरातील माहितीची असते.

इतिहास : मोठ्या संगणकांच्या प्रारंभीच्या काळात चुंबकीय फीत हे माहिती साठविण्याचे प्रमुख साधन होते. इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स (आयबीएम) या अमेरिकन कंपनीने ७०१ या संगणकाबरोबर फितीचे ७२६ हे उपकरण १९५२ मध्ये जाहीर केले. याच कंपनीने १९५६ मध्ये रामॅक या यंत्रणेसाठी तयार केलेल्या चुंबकीय तबकडी-संचात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर पन्नास लक्ष अक्षरे मावत. चालू माहिती तबकडीवर व तिची प्रत फितीवर, ही विभागणी पुढे संगणक-केंद्रांत दीर्घकाळ टिकून राहिली. फिती सहज हलविता येत असल्याने त्या दुसऱ्या इमारतीत ठेवणेही शक्य होत असे.

आयबीएमचा व्यक्तिगत संगणक १९८१ मध्ये बाजारात आला. त्यावरील माहिती फ्लॉपी या लवचिक तबकडीवर ठेवली जाई आणि दुसऱ्या फ्लॉपीवर नक्कल करणे हाच राखीव प्रतीचा मार्ग होता. १९८३ मधील एक्सटी या प्रारूपात १० मेगाबाइट क्षमतेची हार्ड डिस्क होती. तिच्यावरील माहिती उतरविण्यास अनेक फ्लॉप्या लागत, त्यामुळे हे काम कंटाळवाणे होऊन वारंवार टाळले जाऊ लागले. पुढे लेखनक्षम सीडी (सु. ७०० मेगाबाइट) व डीव्हीडी (४.७ गिगाबाइट) ही साधने वापरात आली. यूएसबी जोडणीचे मानक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क व पेन ड्राइव्ह ही साधने घरोघरी पोहोचली.

आपोआप प्रत घेणारी सोय संगणकाच्या कार्यप्रणालीतच अंतर्भूत होणे हा पुढचा महत्त्वाचा टप्पा होय. ॲपल कंपनीने ऑक्टोबर २००७ मध्ये टाइम मशीन आणि मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर फाइल हिस्टरी ही सोय दिली. दरम्यान ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस-३ ही महाजालावरील साठवणसेवा सुरू केली. ड्रॉपबॉक्स (२००८), आयक्लाउड (२०११), गूगल ड्राइव्ह (२०१२) इ. सेवांमुळे दूरस्थ साठवण सामान्य वापरणाऱ्याच्या आवाक्यात आली.

माहिती नष्ट होण्याची कारणे : ही कारणे स्थूलमानाने चार गटांत मोडतात : साधनातील बिघाड, माणसाची चूक, हेतुपुरस्सर केलेली हानी आणि स्थानिक आपत्ती.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी वेगाने फिरत असते व वाचनशीर्ष तिच्या पृष्ठापासून अत्यंत सूक्ष्म अंतरावर तरंगत असते. आघात, धूळ अथवा झीज यांमुळे शीर्ष तबकडीला घासल्यास माहिती खरवडली जाते. एसएसडी या प्रकारात हलणारे भाग नसतात. तथापि त्यातील पेशींवर मर्यादित वेळाच लिहिता येते आणि नियंत्रक मंडल बंद पडल्यास संपूर्ण साठा एकाएकी अप्राप्य होतो. एसएसडीवरून पुसलेल्या फाइलींची जागा आतील यंत्रणा स्वतःहून मोकळी करीत असल्याने त्या परत मिळण्याची शक्यता हार्ड डिस्कपेक्षा कमी असते. बॅकब्लेझ ही साठवणसेवा देणारी अमेरिकन कंपनी आपल्या केंद्रांतील हार्ड डिस्कच्या बिघाडांची आकडेवारी प्रसिद्ध करते. तीनुसार अलीकडील वर्षांत दरवर्षी शंभरांपैकी साधारणपणे एक ते दोन तबकड्या बंद पडतात. घरगुती वापरात धक्के, उष्णता व विजेच्या दाबातील चढउतार यांची भर पडते.

माणसाची चूक हे कारण यंत्रातील बिघाडाइतकेच महत्त्वाचे आहे. चुकीची फाइल पुसणे, नव्या मजकुराखाली जुना दडपून टाकणे, दुसरीच तबकडी साफ करणे हे प्रकार नित्य घडतात. हेतुपुरस्सर हानीमध्ये चोरी आणि खंडणीखोर आज्ञावली म्हणजे रॅन्समवेअर यांचा समावेश होतो. अशी आज्ञावली फाइली कूटबद्ध करते आणि त्या उघडण्याच्या किल्लीसाठी पैसे मागते. क्रिप्टोलॉकर (२०१३) व वॉनाक्राय (मे २०१७) ही तिची गाजलेली उदाहरणे होत. संगणकाला सतत जोडून ठेवलेली बाह्य तबकडीही अशा हल्ल्यात सापडते.

आग, पूर, वीज पडणे या आपत्तींत मूळ माहिती व तिची प्रत एकत्र नाहीशी होण्याचा धोका असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली आणि सखल भागांतील तळमजल्यांवर पाणी शिरले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण शहर पुराच्या पाण्याने वेढले गेले. अशा प्रसंगी टेबलावरील संगणक व खणातील राखीव तबकडी यांची अवस्था सारखीच होते.

स्वातंत्र्याचे तत्त्व : एखादी तबकडी एका वर्षात बंद पडण्याची संभाव्यता २ टक्के, म्हणजे पन्नासात एक, मानली, तर दोन तबकड्या त्याच वर्षी बंद पडण्याची संभाव्यता त्यांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे अडीच हजारांत एक येते. दुसऱ्या प्रतीमुळे मिळणारे संरक्षण असे मोठे असते. परंतु हा गुणाकार दोन्ही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच लागू पडतो. दोन्ही तबकड्या एकाच पिशवीत असतील, एकाच विजेच्या जोडणीवर असतील किंवा एकाच परवलीच्या शब्दाने उघडत असतील, तर एकच घटना दोहोंचा नाश करू शकते. राखीव प्रतींच्या योजनेत प्रतींची संख्या मोजण्यापेक्षा त्यांना समान असलेली कारणे शोधून ती तोडणे महत्त्वाचे ठरते, ते यामुळेच.

प्रतींचे प्रकार : सर्व माहितीची नक्कल म्हणजे पूर्ण प्रत. आधीच्या कोणत्याही प्रतीनंतर जे बदलले तेवढ्याचीच नक्कल म्हणजे वाढीव प्रत. शेवटच्या पूर्ण प्रतीनंतर जे बदलले त्या सर्वांची नक्कल म्हणजे फरकाची प्रत. समजा, रविवारी १०० गिगाबाइटची पूर्ण प्रत घेतली आणि नंतर दररोज १ गिगाबाइट नवी भर पडली. शनिवारपर्यंतच्या सहा दिवसांत रोज पूर्ण प्रत घेतल्यास ६०० गिगाबाइटहून अधिक, फरकाच्या प्रतींना २१ गिगाबाइट आणि वाढीव प्रतींना अवघी ६ गिगाबाइट जागा लागेल. मात्र शनिवारची स्थिती परत आणण्यासाठी पहिल्या पद्धतीत एकच प्रत पुरते, दुसरीत दोन लागतात, तर तिसरीत पूर्ण प्रत आणि सहाही वाढीव प्रती क्रमाने लागतात. त्या साखळीतील एक दुवा निसटला, तर पुढचे सर्व दुवे निरुपयोगी ठरतात. जागेची बचत व परत मिळविण्याची सुलभता यांत अशी ओढाताण असते. ॲंड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये तयार केलेल्या आरसिंक या आज्ञावलीत मोठ्या फाइलीचाही केवळ बदललेला भाग पाठविण्याची युक्ती आहे.

जुन्या प्रती किती काळ ठेवाव्यात यासाठी आजोबा-वडील-मुलगा या नावाने ओळखला जाणारा क्रम फितींच्या काळापासून वापरात आहे. रोजच्या प्रती मुलाच्या, आठवड्याच्या वडिलांच्या आणि महिन्याच्या आजोबांच्या पिढीतील समजतात. सहा दैनिक, चार साप्ताहिक व बारा मासिक अशा बावीस प्रतींत वर्षभराचा मागोवा राहतो व बाकीची जागा पुनःपुन्हा वापरता येते. दूषित झालेली फाइल कित्येक आठवड्यांनी ध्यानात येते, तेव्हा कालची प्रत उपयोगी पडत नाही. त्या वेळी जुन्या पिढीतील प्रतच कामी येते.

केवळ फाइलींऐवजी कार्यप्रणाली व आज्ञावलींसह संपूर्ण तबकडीची हुबेहूब प्रतिमाही घेता येते. ती असल्यास संगणक पूर्वस्थितीत चटकन आणता येतो. तथापि आज्ञावली विकत किंवा विनामूल्य पुन्हा मिळतात, स्वतः निर्माण केलेली माहिती तशी मिळत नाही. म्हणून जागा अपुरी असेल, तेव्हा दुसरीस अग्रक्रम देतात.

स्थानिक साठवण : बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क वा एसएसडी, पेन ड्राइव्ह आणि घरातील जाळ्याला जोडलेली साठवणपेटी ही स्थानिक साधने होत. वेग हा त्यांचा सर्वांत मोठा गुण होय. सेकंदाला १०० मेगाबाइट या सर्वसामान्य गतीने २०० गिगाबाइट माहितीची नक्कल सु. ३३ मिनिटांत होते. महाजालाची गरज नसते, मासिक शुल्क नसते आणि माहिती स्वतःच्या ताब्यात राहते.

प्रत घेण्याचे काम संपताच तबकडी संगणकापासून सोडवून ठेवणे हा सर्वांत साधा व परिणामकारक उपाय आहे. न जोडलेल्या तबकडीपर्यंत रॅन्समवेअर किंवा विजेचा अचानक वाढलेला दाब पोहोचत नाही. एकीऐवजी दोन तबकड्या आलटून पालटून वापरल्यास आणि त्यांपैकी एक नातेवाइकाच्या घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्यास पूर व आग यांपासूनही संरक्षण मिळते. पेन ड्राइव्ह नेण्याआणण्यास सोयीचा असला, तरी तो हरविण्याचा संभव मोठा असतो. शिवाय एसएसडी व पेन ड्राइव्ह यांतील माहिती पेशींत अडकविलेल्या विद्युत् भाराच्या रूपात असते. तो भार कालांतराने, आणि उष्णतेत अधिक जलद, झिरपून जातो. म्हणून वर्षानुवर्षे कपाटात ठेवावयाच्या एकमेव प्रतीसाठी ही साधने योग्य नव्हेत. सीडी व डीव्हीडी यांवरील रंजकाचा थर सूर्यप्रकाश, उष्णता व दमटपणा यांमुळे खराब होतो. कोकणासारख्या दमट हवेच्या प्रदेशात सर्वच साधने कोरड्या, बंद डब्यात ठेवणे इष्ट असते.

क्लाउड साठवण : क्लाउड (मेघ) हे नाव महाजालाच्या आकृत्यांत दूरच्या जाळ्यासाठी ढगाचे चित्र काढण्याच्या प्रथेवरून आले आहे. वस्तुतः माहिती एखाद्या कंपनीच्या विदाकेंद्रातील तबकड्यांवरच असते. तेथे ती तुकडे करून व जादा अंक मिसळून अनेक तबकड्यांवर, कित्येकदा वेगवेगळ्या इमारतींत, विखुरलेली असते. काही तुकडे नष्ट झाले तरी उरलेल्यांवरून मूळ माहिती गणिताने पुन्हा मिळविता येते. या कामी अर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतांच्या जातीचे संकेत वापरतात.

अशा व्यवस्थेची टिकाऊ क्षमता फार मोठी असते. ॲमेझॉनच्या एस-३ या सेवेची रचना वर्षाला ९९.९९९९९९९९९ टक्के माहिती टिकावी अशा उद्दिष्टाने केली आहे. एक कोटी फाइली ठेवल्यास सरासरीने दहा हजार वर्षांत एक फाइल गमावली जाईल, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. मात्र हा आकडा साधनांच्या बिघाडापुरता आहे. मालकाने स्वतः फाइल पुसली, त्याचा परवलीचा शब्द चोरीस गेला, खाते बंद झाले किंवा सेवाच थांबली, तर त्याचा काहीही उपयोग होत नाही.

ही शक्यता काल्पनिक नाही. क्रॅशप्लॅनची घरगुती ग्राहकांसाठीची सेवा बंद करण्याचे ऑगस्ट २०१७ मध्ये जाहीर झाले व ती २०१८ मध्ये थांबली. मायस्पेस या संकेतस्थळावर २०१६ पूर्वी ठेवलेले संगीत व छायाचित्रे स्थलांतरात नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. सलग दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्याची अंमलबजावणी त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून सुरू झाली. मृत व्यक्तीच्या खात्यातील छायाचित्रे वारसांना मिळविणे हा या संदर्भात वाढत्या महत्त्वाचा प्रश्न आहे. म्हणून वारसनोंदीची सोय खातेदाराने हयातीतच वापरणे श्रेयस्कर ठरते. विदाकेंद्रालाही आग लागू शकते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रॅसबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या केंद्रातील एक इमारत जळून खाक झाली. ज्या ग्राहकांची मूळ माहिती व राखीव प्रत दोन्ही त्याच ठिकाणी होती त्यांची माहिती कायमची गेली.

वेग ही क्लाउडची दुसरी मर्यादा आहे. महाजालाची जोडणी सेकंदाला १० मेगाबिट या गतीने माहिती वर पाठवीत असेल, तर वरील २०० गिगाबाइट माहितीला अखंड सु. ४४ तास लागतात. ही अडचण मुख्यतः पहिल्या पूर्ण प्रतीची असते. पुढील वाढीव प्रती पार्श्वभूमीवर सहज जातात. सर्व माहिती परत उतरवून घेतानाही असाच वेळ लागतो.

समक्रमण व राखीव प्रत : दोन ठिकाणच्या फाइली सतत सारख्या ठेवण्याच्या क्रियेला समक्रमण किंवा सिंक म्हणतात. ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, आयक्लाउड यांचे मूळ काम हेच आहे. संगणकावर केलेला बदल फोनवर दिसतो तो यामुळे. परंतु याच गुणामुळे चूकही तितक्याच तत्परतेने सर्वत्र पसरते. संगणकावर फाइल पुसली की क्लाउडमधूनही ती निघून जाते. फोनमधील जागा मोकळी करण्यासाठी छायाचित्रे पुसणाऱ्याची क्लाउडमधील छायाचित्रेही याच कारणाने जाऊ शकतात. पुसलेल्या फाइली काही काळ कचरापेटीत राहतात. गूगल ड्राइव्हमध्ये २०२० पासून ही मुदत ३० दिवसांची आहे. मुदतीत चूक लक्षात आली तर फाइल मिळते, नंतर मिळत नाही. राखीव प्रतीचे खास काम भूतकाळ जपणे हे आहे, तर समक्रमण वर्तमानकाळ सर्वत्र पोहोचविते. हा भेद न कळल्याने आपली माहिती सुरक्षित आहे, अशी अनेकांची चुकीची समजूत होते.

दोहोंची सांगड : स्थानिक व क्लाउड साठवण यांच्या उणिवा परस्परपूरक आहेत. स्थानिक प्रत जलद मिळते, पण घरावरील आपत्तीत सापडते. क्लाउडमधील प्रत घरापासून दूर असते, पण ती खाते, शुल्क व जोडणी यांवर अवलंबून असते. पुरात दुसरी वाचते, खाते बंद झाल्यास पहिली. यावरूनच ३-२-१ हा नियम प्रचारात आला. मूळ धरून माहितीच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी १ दुसऱ्या ठिकाणी असावी, असा तो नियम आहे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी अंकीय छायाचित्रांच्या व्यवस्थापनावरील आपल्या लेखनातून या नियमाला हे सुटसुटीत रूप दिले. रॅन्समवेअरचा धोका वाढल्यावर, निदान एक प्रत जाळ्यापासून तोडलेली किंवा ठराविक मुदतीपर्यंत बदलताच येणार नाही अशी असावी, ही अट त्यात जोडली जाऊ लागली.

सामान्य कुटुंबाला हा नियम अल्प खर्चात पाळता येतो. संगणकातील माहिती ही पहिली प्रत. कार्यप्रणालीतील सोय वापरून दर आठवड्याला बाह्य तबकडीवर घेतलेली, नंतर सोडवून ठेवलेली दुसरी. जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या क्लाउड सेवेत आपोआप जाणारी तिसरी. क्लाउडसाठी खर्च करणे शक्य नसेल, तर परगावच्या नातेवाइकाकडे ठेवलेली व दर भेटीत बदललेली दुसरी तबकडी तिची जागा घेऊ शकते. फोनमधील छायाचित्रे या योजनेबाहेर राहणार नाहीत, याकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण कुटुंबाच्या माहितीचा मोठा भाग आता तेथेच निर्माण होतो. प्रती किती अंतराने घ्याव्यात हे, किती दिवसांचे काम पुन्हा करण्याची तयारी आहे, यावर ठरते. प्रबंध लिहिणाऱ्याला एक दिवसही फार वाटेल, वर्षातून चार वेळा छायाचित्रे काढणाऱ्याला महिना चालेल.

कूटबद्धता व किल्ली : हरवलेली तबकडी परक्याच्या हाती पडू शकते. म्हणून राखीव प्रत कूटबद्ध करून ठेवणे योग्य असते. क्लाउडमध्ये पाठविण्यापूर्वीच संगणकावर कूटबद्ध केलेली माहिती सेवा देणारी कंपनीही वाचू शकत नाही. मात्र अशा वेळी किल्ली हरविली, तर कंपनीलाही ती परत देता येत नाही. माहिती अस्तित्वात असूनही नष्ट झाल्यासारखीच होते. आधुनिक संगणकांतील साठवण अनेकदा आधीपासूनच कूटबद्ध असते आणि संगणक बिघडल्यावर तबकडी वाचण्यासाठी पुनःप्राप्तीची किल्ली लागते. ही किल्ली त्याच संगणकात ठेवणे निरर्थक होय. ती कागदावर लिहून इतर महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवणे हा जुना मार्ग अजूनही भरवशाचा आहे. क्लाउडच्या खात्याला परवलीच्या शब्दाखेरीज दुसऱ्या टप्प्याची ओळखतपासणीही लावावी लागते.

पडताळणी : राखीव प्रत घेतली जात आहे, याची खात्री बहुतेकांना असते. ती परत मिळते, याची क्वचितच असते. टॉय स्टोरी २ या चित्रपटाची निर्मिती चालू असताना १९९८ मध्ये पिक्सार या संस्थेत चुकीची आज्ञा दिली गेल्याने चित्रपटाच्या फाइलींचा मोठा भाग पुसला गेला. राखीव प्रतींची यंत्रणा नीट चालत नसल्याचे त्यानंतर आढळून आले. गॅलिन सस्मन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती, तिच्या आधारे काम सावरले. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी चालू विदासंच चुकून पुसला गेला. तेव्हा प्रती ठेवण्याच्या ज्या अनेक पद्धती योजिल्या होत्या त्यांतील एकही अपेक्षेप्रमाणे उपयोगी पडली नाही आणि योगायोगाने सहा तास आधी घेतलेल्या प्रतीवरून काम भागवावे लागले. या दोन्ही ठिकाणी जाणकार माणसे होती व यंत्रणाही होती, पण परत मिळविण्याची तालीम झालेली नव्हती.

पडताळणीचे दोन स्तर आहेत. पहिल्यात मूळ फाइल व प्रत यांवरून एसएचए-२५६ यासारख्या पद्धतीने अंकीय ठसा काढून दोन्ही ठसे ताडून पाहतात. एक बिट जरी बदलला असला, तरी ठसे जुळत नाहीत. दुसऱ्यात काही फाइली, शक्य तर वेगळ्या संगणकावर, प्रत्यक्ष परत आणून उघडून पाहतात. दर तीन ते सहा महिन्यांनी ही तालीम करणे पुरेसे असते. तीत विसरलेला परवलीचा शब्द, योजनेतून सुटलेला फोल्डर, संपलेली जागा हे दोष वेळीच कळतात.

वाचनीयता : प्रत अखंड राहूनही वाचता येईनाशी होऊ शकते. साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट माहिती मावत असे. ती वाचणारे उपकरण आजच्या संगणकात नसते. म्हणून सु. पाच ते सात वर्षांनी माहिती नव्या साधनावर उतरवावी लागते. आज्ञावलींचेही तसेच आहे. मराठी मजकुराच्या बाबतीत ही अडचण विशेष तीव्र आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ पासून असला, तरी मराठीतील अक्षरजुळणी त्यानंतरही दीर्घकाळ श्री-लिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम यांसारख्या आज्ञावलींच्या स्वतंत्र फाँटांत होत राहिली. त्यांत अक्षरांचे आकार प्रत्येकाने आपापल्या क्रमाने मांडलेले असल्याने योग्य फाँट नसेल, तर मजकुराऐवजी रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक रांग दिसते. असंख्य पुस्तकांच्या, दिवाळी अंकांच्या व खाजगी हस्तलिखितांच्या फाइली या रूपात आहेत. त्यांची राखीव प्रत घेताना मूळ फाइलीबरोबर तिचा फाँट, युनिकोडमध्ये रूपांतरित केलेला मजकूर आणि फाँट अंतर्भूत असलेली पीडीएफ प्रत अशा चारही गोष्टी एकत्र ठेवणे हिताचे असते. रूपांतरात जोडाक्षरे व रफार यांत चुका राहतात, म्हणून मूळ फाइल टाकून देऊ नये.

माहिती गेल्यानंतर करावयाचे उपाय खर्चिक व अनिश्चित असतात. तबकडीवरून आवाज येऊ लागल्यास किंवा फाइल चुकून पुसली गेल्यास त्या तबकडीवर पुढे काहीही न लिहिता संगणक बंद करणे आवश्यक असते. प्रयोगशाळेत निर्धूळ कक्षात तबकडी उघडून माहिती काढता येते. तथापि खरवडलेली, कूटबद्ध होऊन किल्ली गमावलेली अथवा एसएसडीमधून पुसली गेलेली माहिती तेथेही बहुधा मिळत नाही.